गाळणीवरची काळी भुकटी

तुइरे कधी नव्हे ते काम अर्धवट टाकून कॉफी करायला गेली. गाळणीवरची काळी भुकटी तशीच उघडी राहिली आहे, हे शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या तिच्या सहकाऱ्याच्या, वेसाच्या लक्षात आलं.

कोळशाच्या पुडीवर पॅलेडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण. प्रयोगातून बाहेर आलेली ही भुकटी ओली असेतोवर गरीब गाय. सुकली की आपोआप पेट घेते. तुर्कू शहरातल्या या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशी हे शिकतो, आणि शिकवते तुइरेच.

दालचिनीच्या वासाच्या रेणूत हायड्रोजन घालायचा, पण एकाच बंधात. शेजारच्याला धक्का लागता कामा नये. तिच्या भुकटीने हे दरवेळी चोख केलं होतं. आज अखेरचं एकदा केलं, की प्रकल्प संपला आणि सोमवारी तुइरे बेल्जियमला, नव्या नोकरीवर. भुकटी जळाली तर मात्र नवी बनवण्यापासून पुन्हा श्रीगणेशा. मग वसंत येईपर्यंत तरी तिला हलता येणार नव्हतं.

तिने जाऊ नये, असं वेसाला अगदी आतून वाटत होतं. इतकी वर्षं शेजारी काढली, पण सांगायला तोंड उघडलं की बाहेर पडायच्या त्या बर्फाच्या आणि रस्त्यांच्या गोष्टी.

भुकटीच्या कडा सुकत आल्या होत्या. वेसाने विचार केलाच नाही. धावत जाऊन पाण्याची बाटली उचलली आणि भुकटी चिंब करून टाकली.

वळून बघतो तर तुइरे दाराबाहेर दोन कप घेऊन उभी. आत कॉफी आणायला बंदी होती.

"पोरांना एवढी झापतेस, आणि स्वतःच विसरलीस?" तो हसत म्हणाला. "अजून जरा उशीर झाला असता ना, तर वसंतापर्यंत अडकली असतीस इथे, माझ्याबरोबर."

"तेवढा हिशेब मलाही येतो."

वेसाचं हसू ओठांवरच राहिलं.

तिने दोन्ही कप बाहेरच्या खिडकीत ठेवले, आत येऊन हातमोजे चढवले आणि ओली भुकटी नीट निपटून भांड्यात काढली.

"इतक्या वर्षांत तू कशाचीच घाई केली नाहीस, वेसा," त्याच्याकडे न बघता ती म्हणाली. "नेमकी आजच केलीस. चल, सोड हायड्रोजन."