बाटलीतलं पाणी

"आण इकडे ती बाटली!" ताईने भावाच्या हातातून बाटली हिसकावली. तिने दिलेले समुद्री मासे त्याने नव्याने सोडलेल्या एका रोगट माशापायी घालवले होते. तेव्हाच ती कडाडली होती, "नव्या माशांसाठी आधी वेगळी टाकी मांड. घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढू देत. पाणी तपासल्याशिवाय माझ्याकडून मासा मिळणार नाही!"

तिने बाटलीतलं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकले. घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचा मागमूस नव्हता.

"महिनाभर राबलोय, ताई."

उगाच बोलले पोराला, असं वाटून तिने आपल्या टाकीतला केशरी मासा जाळीत धरलासुद्धा. बोटावर सांडलेला बाटलीतला थेंब तिने सवयीने जिभेला लावला आणि थबकली.

मासा टाकीत परत गेला. बाटली भावाच्या डोक्यावर रिकामी झाली.

"मुडद्या, नळाचं पाणी आणलंस ते आणलंस, त्यात निदान मीठ तरी कालवायचंस!"