तक्रारदार उपस्थित नाही

महापालिकेच्या चौकशी विभागात तिसरं पत्र आलं, तेव्हा सुनीतीने पहिली दोन पुन्हा बाहेर काढली.

तिन्ही दुकानातून टाइप करून घेतल्यासारखी. खाली नाव नाही, सही नाही. तक्रार एकच. पुण्यात मांजरी गावाच्या बाजूच्या प्रभागात महिलांसाठी राखीव जागेवर उल्का शेवते निवडून आल्या, पण नगरसेवक म्हणून मिरवतो त्यांचा नवरा राकेश. प्रभागाच्या बैठकीत तोच बोलतो, अधिकाऱ्यांना तोच फोन करतो, बायकोच्या सह्याही तोच ठोकतो.

“निनावी पत्र म्हणजे थेट दप्तरी दाखल,” शेजारच्या टेबलावरचे अवधूत म्हणाले. “नियम आहे.”

“नियम मलाही पाठ आहे. पण हे वाचा.”

अवधूतनी वाचलं. ‘मंगळवारी उल्काबाईंनी पाण्याच्या टाकीबद्दल अकरा प्रश्न लिहून काढले. राकेशने ते वाचले नाहीत. त्या कागदावर भजी ठेवून खाल्ली.’

“भजी!” अवधूतनी चष्मा वर केला. “हे विरोधकांना कसं कळणार?”

“तेच म्हणते मी. हे घरातलं माणूस आहे.”

वरिष्ठांनी चौकशी तिच्याकडेच दिली, पण अट घालून. सुनावणीपर्यंत तक्रारदार समोर आला नाही, तर प्रकरण बंद.

दुसऱ्या दिवशी सुनीती शेवत्यांच्या घरी गेली. पुढच्या खोलीत ऑफिस होतं. टेबलामागे राकेश बसला होता आणि समोर पाच-सहा माणसं कागद घेऊन उभी होती.

“मला नगरसेविकांशी बोलायचंय,” सुनीती म्हणाली.

“माझ्याशी बोला ना. तेच ते झालं.”

“मतपत्रिकेवर तसं नव्हतं.”

राकेश हसला. माणूस उर्मट नव्हता. तिच्यासाठी त्याने स्वतः खुर्ची ओढली. “अहो मॅडम, हे गाव महापालिकेत नव्हतं, तेव्हा माझी आई इथली सरपंच होती. राखीव जागा. पाच वर्षं सगळा कारभार वडिलांनी बघितला. एक तक्रार नाही कुणाची. आमच्या घरची पद्धतच हाय ती.”

आतल्या खोलीत उल्काने पाणी आणलं. लग्नाआधी ती हडपसरच्या एका शाळेत गणित शिकवायची. सासूबाई, आनंदीबाई, पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या.

“आजी, आम्हा दोघींना जरा बोलू द्याल?”

“बोला की. माझी काय अडचण हाय?” आनंदीबाई म्हणाल्या आणि तिथेच बसून राहिल्या.

सुनीतीने आडून विचारलं, “टाकीबद्दल तुम्ही काही प्रश्न काढले होते म्हणे. अकरा.”

उल्काने तांब्या ठेवता ठेवता एकदम वर पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?”

ती खरंच दचकली होती, की तसं दाखवत होती? सुनीतीला ठरवता येईना. उल्काने एकदा सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बाई,” आनंदीबाई मेथीवरून नजर न काढता म्हणाल्या, “पोरीला यात ओढू नका. काय विचारायचं ते राकेशला विचारा.”

फाटकापर्यंत सोडायला आलेली उल्का घाईघाईने कुजबुजली, “मॅडम, ती पत्रं माझी नाहीत. मी लिहिली असती, तर या घरात एक दिवस काढता आला नसता.”

“मग कुणाची?”

उल्काने फक्त मागे दाराकडे पाहिलं. दारात आनंदीबाई उभ्या होत्या. उल्का वळली आणि आत गेली.

“तीच आहे,” ऑफिसात आल्यावर सुनीती अवधूतना म्हणाली. “सासू पहाऱ्याला बसलीय. बोलणार कशी?”

सुनावणीआधी धीर द्यावा म्हणून तिने उल्काच्या नंबरवर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा राकेशने उचलला. “बोला मॅडम, काय सेवा?”

सुनावणी सोमवारी अकराला होती. राकेश इस्त्रीचा पांढरा सदरा घालून वेळेवर आला. मागे उल्का, तिच्यामागे आनंदीबाई.

“आईला मुद्दाम आणलंय,” राकेश म्हणाला. “घरात काय चालतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? साक्ष देईल ती.”

सुनीतीने उल्काला समोर बसवलं. “आपली काही तक्रार आहे?”

“नाही.”

“ही पत्रं आपण लिहिलीत? इथे कुणी आपल्याला काही करू शकत नाही.”

“नाही लिहिली.”

उल्का टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. एवढी हुशार बाई, एक शब्द बोलली असती तर! सुनीतीला तिचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. तिने पेन उचललं आणि इतिवृत्तात लिहिलं, ‘तक्रारदार उपस्थित नाही.’

“प्रकरण बंद करण्यात येत आहे,” ती म्हणाली.

“असं कसं मॅडम?” राकेश पुढे झाला. “आमची एवढी बदनामी झाली. आईचं ऐकून घ्या की. रेकॉर्डवर येऊ द्या.”

“बोला आजी.”

आनंदीबाई उठल्या. पदर सारखा केला. “पाच वर्षं सरपंच होते मी. ग्रामपंचायतीच्या एका बैठकीत कधी तोंड उघडलं नाही. मालक बोलायचे. मी चहाला किती माणसं आली ते मोजायची.”

“तेच सांगतोय मी,” राकेश कौतुकाने म्हणाला. “बोल आई, बिनधास्त बोल.”

“बोलते.” त्यांनी सुनीतीसमोरच्या कागदावर बोट ठेवलं. “बाई, ही ओळ खोडा. तक्रारदार उपस्थित हाय. नाव लिहा, आनंदीबाई शेवते.”