हिरवी पट्टी

"दादा, हीटर लावला की गारच वारा येतो, बघ ना," धाकटी म्हणाली. गाडीच्या मागच्या सीटवर तिचं बाळ दोन दुलयांत गुंडाळलेलं होतं. मी पाण्याची टाकी पाहिली, फ्यूज पाहिला, पंख्याला कान लावला. सगळं नाटक. बिघाड मला पाठ होता. गाडी तिला विकण्याआधी हीटर गळू लागला, तेव्हा त्यात येणारं इंजिनचं गरम पाणी मीच तोडलं; दोन्ही पाइप एकमेकांना जोडून वर माझ्या बॅटच्या मुठीची हिरवी पट्टी गुंडाळली. "मेकॅनिक म्हणाला, आधीच्या मालकाने चलाखी केलीय. अशी भांडले त्याच्याशी! म्हटलं, मालक माझा सख्खा भाऊ." बोलता बोलता तिने टॉर्च बॉनेटखाली धरला. उजेड पट्टीवर थांबला. लहानपणी त्याच बॅटवरून आमची भांडणं व्हायची. मग ती हळूच म्हणाली, "राहू दे, दादा. बॉनेट लाव. हात गारठतील तुझे."