गेटवरच्या टाळ्या

प्राचार्यांनी आकडा दोनदा सांगितला. डॉ. पौर्णिमा ताथोड यांच्या एका शोधनिबंधाचा संदर्भ आजवर चौऱ्याऐंशी संशोधकांनी घेतला होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात वाणिज्य शाखेतल्या कुणाचा आकडा याआधी चारच्या वर गेला नव्हता, आणि त्या चारांतले दोन ज्याचे त्यानेच घेतलेले होते.

शाल झाली, नारळ झाला. पौर्णिमाने मान वाकवली, सरळ केली.

निबंध सूतगिरण्यांवर होता. गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणं नेमकं कधी स्वस्त पडतं, याचं गणित तिने मांडलं होतं. त्या वर्षांत वऱ्हाडात जो तो कापसावर लिहीत होता. गिरणीच्या आत जाऊन कुणी काही लिहिलं नव्हतं. तिला आत जायला मिळालं ते भावामुळे. पुंजाराम अकोल्याजवळच्या सहकारी सूतगिरणीत सूत कातण्याच्या यंत्रावर होता. 'माही बहीण हाये, अभ्यास करून राहिली,' असं मॅनेजरला सांगून त्यानेच तिला गेटातून आत नेलं होतं. निबंधात त्या गिरणीला नाव नव्हतं. 'गिरणी क' एवढंच.

आज तो शेवटच्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. एरवी त्याच्या केसांत कुठेतरी रुई अडकलेली असायची, आज नव्हती. गिरणीत जन्म गेलेली माणसं यंत्रांच्या वर आवाज काढायला शिकतात आणि मग घरीदारी तसंच बोलतात.

"तुह्यं नाव घेतलं वं आमच्या गेटावर!" तो म्हणाला. शेजारचे दोन प्राध्यापक वळून पाहायला लागले.

"कोणी?"

"अध्यक्ष सायबानं. परवा पाळी सुटली तवा सगळ्याईले थांबोलं. हातात कागद होता. म्हणे, अमरावतीच्या डॉक्टर पौर्णिमा ताथोड यांनी आपल्याच गिरणीचा अभ्यास केला हाये. मी म्हटलं, पाहा, माही बहीण! मीच पयले टाळी वाजोली. मंग सगळ्याईनं वाजोल्या."

तिने कप खाली ठेवला. "मग?"

"मंग त्याईनं पुढचं वाचलं."

पुढचं काय ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. ते तिनेच लिहिलेलं होतं.

"कधीपासून बंद?"

"कालपासून. कुलूप हाये गेटाले."

आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे पौर्णिमाला कळत होतं. ती थांबून राहिली. काहीच वाटेना. गणित बरोबर आहे, एवढंच डोक्यात येत होतं. शाल खांद्यावरून घसरली, ती तिने वर ओढली.

"रागावला का, दादा?"

"कायले? कुलूप का तू लावलं?" त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "लोकं मले इचारतेत, पुंजाराम, टाळी काहून वाजोली. आता काय सांगू त्याईले?"

एवढ्यात प्राचार्य आले. "हे आपले बंधू का? वा! अभिमान वाटत असेल बहिणीचा."

"वाटते ना जी," पुंजाराम म्हणाला.

प्राचार्य पुढच्या घोळक्यात गेले. तिकडूनही एकदा चौऱ्याऐंशी ऐकू आलं.

"एक इचारू?" पुंजारामने बशी ठेवली. "थे चौऱ्याऐंशी सांगतले ना, त्यात आमच्या गिरणीचा कागद धरला काय?"

पौर्णिमाने त्याच्याकडे पाहिलं. तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

"नाही," ती म्हणाली.

"कागदावर छापेल हाये तुह्यं नाव. गेटाले डकोला हाये थो. येणारा जाणारा वाचते."

"तसा नाही धरत, दादा. दुसऱ्या कुणाच्या निबंधात संदर्भ आला तरच धरतात."

त्याने मान हलवली. पिशवी काखेत घेतली, तिचा नारळ उचलून तिच्या हातात नीट दिला.

"धराले पायजे होता," तो म्हणाला. "पंच्याऐंशी झाले असते तुह्ये."