निष्ठेबद्दल सप्रेम भेट

वॉकमनच्या पाठीवर गुलाबाचं एक जुनाट स्टिकर होतं. स्पिरिटच्या बोळ्यानं ते सुटून आलं आणि खालची कोरलेली अक्षरं दिसली, तसा बुद्धरत्नचा हात जागीच थांबला.

‘संपकाळातील निष्ठेबद्दल सप्रेम भेट.’

खाली चिंचवडच्या त्या कंपनीचं चिन्ह. त्याचे वडील भीमराज ओव्हाळ याच कंपनीच्या गेटबाहेर संपाला बसले होते, आणि पुन्हा कधी आत गेले नाहीत.

त्यानं बोळा भिरकावून दिला. आठवडाभर तो या यंत्रावर जीव लावून बसला होता. आतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो खरवडून काढला, नवा बसवला, हेड साफ केलं, मोटरची गती लावली. आता आवाज कसा नितळ येत होता. आणि त्याचाच त्याला संताप आला. “आपला संप लाठीनं नाही मोडला, वॉकमननं मोडला,” असं वडील म्हणायचे. लहानपणी त्याला त्याचं हसू यायचं.

हातोडी समोरच पडली होती. त्यानं ती उचललीही. पण आपल्याच हातानं चालू केलेलं यंत्र फोडवेना, म्हणून ती त्यानं आदळून खाली ठेवली.

“झाला का हो?” वॉकमन दुरुस्तीला देऊन गेलेली नेहा दुकानाची पायरी चढत म्हणाली. मागून तिचे वडील बबनराव आले, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले. “बाबांनाच घेऊन आले. उद्या पंचाहत्तरी आहे त्यांची. म्हटलं, आधी त्यांनाच ऐकू दे.”

बुद्धरत्ननं वॉकमन पुढे सरकवला. नेहानं घरून आणलेली भजनांची कॅसेट आत घातली, हेडफोन वडिलांच्या कानांवर चढवले आणि बटण दाबलं. बबनरावांचा चेहरा उजळला. डोळे मिटून ते काउंटरवर बोटांनी ठेका धरू लागले.

“मॅडम, जरा पाठ वाचा त्याची.”

“अय्या, स्टिकर काढलंत? आईनं लावलं होतं ते.” नेहानं वॉकमन उलटा केला. “सं-प-काळातील निष्ठेबद्दल...” ती अडखळली. “म्हणजे? बाबांच्या कामावर खूश होऊन कंपनीनं दिलेला ना हा?”

“कामावर नाही. सगळे बाहेर बसले होते तेव्हा जे आत गेले, त्यांना वाटले हे.”

बबनरावांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांचा ठेका चालूच होता. नेहानं त्यांच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

“बाबा, तुम्ही संप फोडला होता?”

बबनरावांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग वॉकमनच्या पाठीकडं, मग बुद्धरत्नकडं. ते म्हणाले, “तू कुणाचा रं?”

“भीमराज ओव्हाळांचा.”

“भीमराजचा...” त्यांनी काउंटरची कड धरली. “शेजारशेजारच्या मशिनीवर होतो आमी. एका डब्यात जेवायचो.”

“माहीत नाही. त्यांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही.”

“आरं, घरात दोन लेकरं होती माझ्या. ही तवा पहिलीत होती.”

“आमच्या घरात तीन होती.”

“व्हय, पण मी त्याला म्हणलो होतो, चल माझ्यासंगं. हातापाया पडलो त्याच्या. न्हाई आला.” बबनरावांचा आवाज चढला. “काय मिळालं त्याला? सांग की! झेंडा धरून काय मिळालं?”

बुद्धरत्न काउंटरची फळी उचलून बाहेर आला.

“बांधकामावर वाळू उपसली त्यांनी म्हातारपणापर्यंत. आईनं लोकांची भांडी घासली. हे मिळालं. पण घरात कसल्या अक्षरांवर गुलाब चिकटवायची पाळी आली नाही आमच्यावर.”

“नीट बोल!”

“नीटच बोलतोय. तुमच्या वयाकडं बघून बोलतोय.”

रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून बघू लागला. बबनरावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. “बरं, जाऊ दे. उद्या सगळे पाव्हणे येणार. हिनं कौतुकानं समद्यांना दाखवायचं ठरवलंय. तेवढी अक्षरं घासून टाक. ग्राइंडर हाय ना तुझ्याकडं?”

“आहे.”

“मग? दोन मिनटाचं काम.”

“बंद पडलं होतं ते मी चालू करून दिलंय,” बुद्धरत्न म्हणाला. “लिहिलंय ते पुसून देणार नाही. आता न्या हे इथून.”

बबनरावांनी वॉकमन हिसकावला, सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि तरातरा पायऱ्या उतरले. हेडफोनची वायर मागं लोंबत गेली. रस्त्याकडेला लावलेल्या गाडीत ते पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी धाडकन दार लावून घेतलं.

नेहा सावकाश खाली आली. स्टिअरिंगच्या बाजूला जाऊन तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला. आतून बबनरावांनी वाकून हॉर्न दाबला. मग पुन्हा दाबला, या वेळी लांब.

ती चावी मुठीत धरून गाडीबाहेरच उभी राहिली.