कालिंदीबाईंची पैठणी

वृद्धाश्रमात जखमा धुवायच्या सोडून हर्षदाला आता संगणकावर, खास चष्म्यातून दिसणारी आभासी मॉडेलं बनवायला शिकवत होते. तिचं पहिलंच मॉडेल म्हणजे कालिंदीबाईंची मोरपंखी पैठणी. तो चष्मा लावला की मळकी चादर, टाचांवरच्या चिघळलेल्या जखमा, सगळं पैठणीखाली आणि गुलाबी पावलांखाली गडप! वास तेवढा उरायचा.

"अहो, बाईंचे पाय धुवायचे कधी?" तिने विचारलं.

"भेटायला येणाऱ्यांना दिसतात का? मग झालं तर!" व्यवस्थापक म्हणाले.

नमस्कार लांबूनच करा, अशी पाटी होती. पण रविवारी मुलगा श्रीरंग आला, चष्म्यातून आईला पाहून गहिवरला आणि सवयीने थेट पाया पडला. बोटं ओली लागली. त्याने चष्मा कपाळावर चढवला. बोटांवर पिवळा पू होता.

आता हा आश्रम डोक्यावर घेणार, या आशेने हर्षदा उभी राहिली.

श्रीरंगने चष्मा झटकन खाली ओढला आणि बोटं आईच्याच पदराला पुसली.

"काम झकास झालंय हं," तो म्हणाला. "फक्त वासाचं काहीतरी बघा."

पदरावर डाग पडला नाही. तो तसा हर्षदानेच बनवला होता.