प्रतिरूपाची संमती

खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचून जगणारी मथुरा तांडेल जनसुनावणीला पोहोचली, तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"सुनावणी काल झाली, मावशी," संशोधक डॉ. देवस्थळी म्हणाल्या. "गावातल्या प्रत्येकाचं प्रतिरूप संगणकात आहे. खाडीत तेल खाणारे नवे जिवाणू सोडायला तुमच्या प्रतिरूपाने होकार दिला."

"मना न इचारता?"

डॉक्टरबाईंनी पडदा सुरू केला. पडद्यावरची मथुरा तिच्याच आवाजात म्हणाली, "विज्ञानासाठी माझी सहर्ष संमती आहे."

"माजी ना हाय!" मथुरा ओरडली. "तिसऱ्या मेल्या तं आमी खावाचा काय?"

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा राग प्रतिरूपात घालते. पुढच्या सुनावणीत ते आणखी हुबेहूब बोलेल."

त्यानंतर मथुरा तिथे एक शब्दही बोलली नाही.